पिवळा कतीरा

"खाला, माझं पोतं कुणी भरलं?"

फिरूजेने एक काचेची बाटली तूबाच्या सुपाशेजारी ठेवली. आत गढूळ पाणी होते आणि तळाशी नासलेल्या दुधासारखा साका. तूबाने बाटलीकडे पाहिले. इस्फहानच्या बाजारामागच्या या गोदामात ती एकतीस वर्षे कतीरा निवडत आली होती. डोंगरातल्या काटेरी झुडपाच्या मुळाशी चीर दिली की पाझरतो तो डिंक. लांब पांढऱ्या फिती एकीकडे, पिवळट चपटे तुकडे दुसरीकडे. निवडून निवडून बोटे अशी झिजली होती की सरकारी यंत्रावर तिचा ठसा उमटत नसे.

"मीच भरलं. का गं?"

विद्यापीठातली ही पोर तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली, तेव्हा याच फरशीवर बसून चहा पिता पिता तिने सगळे समजावून सांगितले होते. या डिंकाच्या ती पिशव्या करणार होती. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत हजार मावाव्यात. आत औषध भरायचे. पिशवी अंगभर फिरणार, पण उघडणार ती कर्करोगाच्या गाठीपाशीच. बाकीच्या शरीराला चटका नाही. तूबाने हे निमूट ऐकून घेतले होते. तिची मुलगी गोहर एकतिसाव्या वर्षी गेली, ती गाठीने गेली की औषधाने, हे तूबाला आजवर कळलेले नव्हते. तोंड सगळे सोलून निघाले होते, नखे काळी पडली होती. शेवटच्या आठवड्यात घशाखाली उतरला तो फक्त गुलाबपाण्यात भिजवलेला कतीरा. पांढरा, अव्वल नंबरचा.

"दोन महिने झाले, पिशव्या बांधल्याच जात नाहीत. गुठळ्या होतात," फिरूजे म्हणाली. "अकरा उंदीर मेले. वरचे म्हणतात, आधीचे आकडे मी घरी बसून लिहिले. शनिवारी समिती बसतेय. तुमचे मालक हाजीआगा सांगतात पोतं तेच आहे. म्हणजे चूक माझीच."

ती बाटली उचलून निघाली. तूबा गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो? पण पोरीचे डोळे सुजले होते आणि बुटाची नाडी तशीच फरशीवरून ओढली जात होती.

"पोतं ते नाही," तूबा म्हणाली. "तुझ्या नावाचं पोतं पिवळ्याचं होतं. मी ते काढलं आणि पांढरा भरला. तीन आठवडे लागले, मूठ मूठ बाजूला टाकत होते. पोतंही नवं घेतलं, धुतलेलं."

"का पण?"

"औषधाला म्हणालीस ना. आजारी माणसाला पिवळा कसा देऊ?"

फिरूजे भिंतीला टेकून खाली बसली. पांढरा दुसऱ्या झुडपाचा असतो, त्याचा स्वभावच वेगळा, हे तिने हळूहळू सांगितले. तिला पिवळाच हवा होता, त्याच उतारावरचा. तो पिवळा केव्हाच कापड छापणाऱ्यांकडे गेला होता. आणि त्या उतारावर जास्त पाझर मिळावा म्हणून डिंकवाल्यांनी यंदा झुडपांचे शेंडे जाळले होते. मुळे मेली होती. दोघींनाही ते ठाऊक होते.

हे कळल्यावर हाजीआगा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. गिऱ्हाइकाच्या नावाचा माल बदलणे म्हणजे गोदामाची अब्रू गेली, एवढेच म्हणाले आणि तिचे सूप स्वतःच्या हाताने उचलून भिंतीला लावले.

शनिवारी ती समितीपुढे उभी राहिली. डोक्यापासून अंगभर ओढलेली काळी चादर इस्त्री केलेली, हात चादरीत लपवलेले. घडले ते सगळे सांगितले. चष्मेवाल्या अध्यक्षांनी ऐकून घेतले आणि विचारले, "शिकलात किती, खानम?"

"पाचवी."

"आणि कोणत्या डिंकाची पिशवी बांधली जाते, ते तुम्ही आम्हाला सांगणार." मग फिरूजेकडे वळून म्हणाले, "साक्षीदार पढवून आणण्यापेक्षा मूळ डिंक आणा. आठ दिवस देतो. आमच्यासमोर करून दाखवा."

तूबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भले करायला गेली आणि पोरीच्या मुळावर उठली. त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी दाराबाहेर चपला घालताना पाय पायपुसण्यावर पडला आणि ती तशीच थांबली. पायपुसणे म्हणजे तेच जुने पोते होते. रिकामे झाल्यावर तिने घरी आणले होते.

संध्याकाळी फिरूजे आली, तेव्हा तूबा खिडकीत बसून पोत्याची शिवण उसवत होती. सुईच्या टोकाने दोऱ्यांत अडकलेली कपची काढायची, फुंकर मारायची, ताटलीत टाकायची. ताटलीत पसाभरसुद्धा नव्हते. दोन महिन्यांची पायधूळ त्यात मिसळलेली.

"एका खेपेला किती लागतो?" तूबाने विचारले.

"दोनशे ग्रॅम तरी."

तूबाने भाजीचा काटा पुढे सरकवला. एकतीस भरले.

"नाही पुरणार, खाला."

"अजून एक शिवण आहे."

समोरचा चहा निवत गेला. तूबाने दुसरी शिवण उजेडाकडे धरली, सुई घातली. एक कपची निघाली, त्याच पिवळ्यातली, पण जरा उजळ, पांढऱ्याकडे झुकणारी. बोटांनी सवयीने ती बाजूला ठेवली.

तूबाने आपल्या बोटांकडे पाहिले. मग ती कपची उचलली आणि परत पिवळ्यात टाकली.