कट्टो खाल्लेला माणूस

राजा गेला आणि त्याचा चेहरा कुणालाच बघू दिला नाही. चिता पेटली तीही संचारबंदीत. कसा गेला, असं विचारणाऱ्यांना पोलिसांनी काठ्यांनी हुसकावलं. मग शहरानं डोकं भादरून घेतलं. तेवढ्यावर बंदी नव्हती. होमनाथनंही भादरलं. बागमतीच्या घाटावर श्राद्धं घालून पोट भरणारा हा म्हातारा ब्राह्मण राजाच्या अंत्यदर्शनाला दिवसभर रांगेत उभा राहिला होता आणि तसाच परतला होता.

राजवाड्यातला अधिकारी प्रतिमान नेमका त्याच्याच दारात आला.

"बाजे, लोक पेटलेत. त्यांना काहीतरी द्यायला हवं. पण कट्टो खायला ब्राह्मण मिळेना."

"महाराज कसे गेले, ते सांगा की त्यांना."

"ते माझ्या हातात नाही. द्यायला हत्ती आहे, हत्तीवरून निघणारा ब्राह्मण हवा."

दाराआड उभी असलेली होमनाथची बायको तुलसा बाहेर आली. "अहो, काय ऐकताय? राजाचे कपडे घालायचे, हाडाची मज्जा घातलेलं अन्न खायचं, आणि मेलेल्याचं पाप पोटात घेऊन हत्तीवरून खोऱ्याबाहेर जायचं. मागच्या राजाच्या वेळी गेलेला आला का परत?"

"वहिनी, ते जुनं झालं. आता नुसता देखावा. टीव्हीवाले पांगले की मागच्या रस्त्यानं घरी. राजवाड्याचा शब्द आहे."

"आणि आमच्या यमुनेचं लग्न?"

"आजकाल कोण बघतं!"

"तुमच्या घरात कराल का कट्टो खाणाऱ्याची पोर?"

प्रतिमाननं घड्याळात पाहिलं.

होमनाथ हो म्हणाला. राजासाठी रडायलाही कुणी दिलं नव्हतं. निदान त्याला पार पोचवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. शिवाय राजवाड्याचा शब्द खोटा पडतो, हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

अकराव्याला त्याच्या अंगावर राजाचा कोट चढला, नाकावर राजाचा चष्मा आला. चष्म्याचा नंबर भलताच होता. ताटातली पक्वान्नं एकमेकांत विरघळल्यासारखी दिसत होती. त्यानं डोळे मिटून घास गिळला. हत्ती फाटकाबाहेर पडला, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना भादरलेल्या डोक्यांच्या रांगा होत्या. त्याला वाटलं, लोक हात जोडतील.

"खाल्लास ना राजाला, भटा!"

पहिला दगड हत्तीला लागला, दुसरा त्याला. मारणारी एक बाई हुंदके देत होती, आणि रडता रडताच खाली वाकून पुढचा दगड शोधत होती. पोलीस शांतपणे बघत होते. इतके दिवस एका हाकेलाही काठी उगारणारे हेच पोलीस. तेव्हा होमनाथला समजलं, की लोकांना जो चेहरा दाखवला नव्हता, त्याऐवजी आज आपला दाखवलाय.

खोऱ्याबाहेर, घाटाखाली, पत्र्याच्या खोलीत त्याला उतरवलं. कोट काढून नेला. प्रतिमानला फोन केला, की तो बैठकीत असायचा. दसरा उलटल्यावर होमनाथ स्वतःच निघाला, एका भाजीच्या ट्रकमधून.

सकाळी गल्लीच्या टोकाला, सगळी गल्ली जिथं पाणी भरायची त्या दगडी धारेवर तुलसा एकटी घागर भरत होती. अंगावर पांढरं लुगडं. गळ्यात पोत नाही. त्याला पाहून तिनं आधी गल्लीत मागेपुढे पाहिलं.

"यमुनेचं ठरलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मुलाकडच्यांना सांगितलंय, बाप गेला."

"कधी?"

"तुमचा हत्ती गेला, त्याच दिवशी. इथल्यांनी पाणी बंद केलं होतं. म्हणाले, सुतक धरा, मग भरा. बिनमिठाचं खाल्लं आम्ही, सगळं रीतसर केलं."

"रडलात?"

"पोटभर. आम्हाला कुणी अडवलं नाही."

होमनाथ धारेच्या पायरीपासून दूरच उभा राहिला. पाय पुढे टाकला, तर दगड बाटेल, घागर बाटेल, पोरीचं ठरलेलं मोडेल. त्यानं ओंजळ पुढे केली. तुलसानं हात न लागू देता वरून पाणी सोडलं. तो प्यायला.

"मुलाचं गोत्र बघितलंस?"

"बघितलं. वेगळं आहे."

"कन्यादान कोण करणार?"

"माझा भाऊ."

"तो?" होमनाथनं तोंड पुसलं. "त्याला आधीच बजाव, त्या दिवशी उपाशी राहायचं असतं. नाहीतर बोहल्यावर ढेकर देईल."

तुलसाला खुदकन हसू आलं. तिनं झटकन पदर तोंडावर दाबला, कारण कोपऱ्यावर कुणाच्या तरी चपला वाजल्या होत्या, आणि ती एखाद्या अनोळखी भिकाऱ्याशी बोलत असल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "पुढे जा बाबा, इथे काही मिळायचं नाही."