घोट्याच्या फिल्ममधल्या दोन रेघा

एक्स-रे काढणाऱ्यानं एक्स-रेबद्दल बोलायचं नसतं. दिसतं त्यालाच सगळ्यांत आधी, पण बोलायचं डॉक्टरांनी. धाकटी हा नियम सत्तावीस वर्षं पाळत आली होती. पेशंट टेबलावरून उतरता उतरता विचारायचे, "काही दिसलं का हो?" आणि ती म्हणायची, "रिपोर्टमध्ये येईल." पडद्यावर काहीही असो, आवाज एकच. नव्यांना ही गोष्ट शिकवायलाही तिलाच बोलावत.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय एक्कावन्न, पण दादानं तिला कधी दुसरी हाक मारली नव्हती. दादा फरशी बसवायचा. आईवडील लवकर गेले आणि धाकटीचं सगळं शिक्षण त्याच्या उकिडवं बसण्यावर झालं. त्याला साखरेचा आजार पंधरा वर्षांचा, सिगारेट त्याहून जुनी. दोन्हींबद्दल कुणी बोलायला गेलं की हा एखादा विनोद सोडायचा आणि बोलणाराच हसत घरी जायचा.

तीन वर्षांपूर्वी जिन्यावर पाय मुरगळला म्हणून तो तिच्याकडे आला. हाड शाबूत होतं. पण घोट्याच्या मागून पावलाकडे दोन बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, आगगाडीच्या रुळांसारख्या शेजारी शेजारी. रक्तवाहिनी एक्स-रेत एरवी दिसत नाही. दिसलीच, तर तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय असं समजायचं. धाकटीला ते बघताक्षणी कळलं.

दादा टेबलावरून म्हणाला, "काय गं, मोडलंय का? मोडलं असेल तर तुझ्या वहिनीला तूच सांग. महिनाभर पिशव्या उचलणं बंद."

"रिपोर्टमध्ये येईल," धाकटी म्हणाली. सख्ख्या भावाला.

रिपोर्ट आला, की हाड मोडलेलं नाही. कागदावर प्रश्न तेवढाच होता, उत्तरही तेवढंच आलं. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी रेघा पाहिल्या असतील तर त्यांना वाटलं असेल, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना ठाऊक असणार. नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, फिल्म कोण बघतंय? धाकटीनं ठरवलं, रविवारी जेवायला जाऊ तेव्हा सांगू. रविवारी दादा लंगडत वाढत होता आणि सगळ्यांना हसवत होता. तिनं विषय पुढं ढकलला, मग तो पुढंच जात राहिला. नियमाचं नाव फुकटच घ्यायचं. हसणाऱ्या दादाला घाबरवायची तिची छाती झाली नाही, हे खरं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं. आधी चार पावलं चालल्यावर पोटरी भरून यायची, दादा त्याला वय म्हणायचा. मग अंगठ्याला फरशीचा कोपरा लागला. एवढीशी जखम, ती बरी होईना, पुढं काळी पडली. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं की साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली आणि वर सिगारेटचा धूर, की नळीची भिंत हाडासारखी कडक होत जाते. दादानं विचारलं, दूध सोडू का, तसं चहापुरतंच पितो. डॉक्टर म्हणाले, खाण्यातल्या कॅल्शियमचा हा दोष नाही. साचलेलं विरघळवणारं औषधही नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आवरायचं, सिगारेट सोडायची, रोज चालायचं, म्हणजे पुढचं थोपतं. वाट अडलीच तर फुगा घालून मोकळी करता येते. पण दादाच्या पायात फुगा नेणारी तारच शिरेना, आणि बायपास जोडायला खाली धड नळी उरली नव्हती.

"तीन वर्षं आधी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. वहिनीनं ते अर्धं वाक्य घरी नेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. प्रत्येक वेळी धाकटी तिथं चहाचा कप धरून बसलेली असायची.

गुडघ्याखालून पाय काढायचा ठरला. ऑपरेशनच्या सकाळी शेवटचा एक एक्स-रे हवा होता. सहकारी म्हणाला, मी काढतो, तुम्ही बाहेर थांबा. तिनं ऐकलं नाही. पडद्यावर रेघा आता लपवून लपण्यासारख्या नव्हत्या.

"दादा," ती टेबलाजवळ येऊन म्हणाली, "घोटा मुरगळला होता ना तुझा, तेव्हाच मला हे दिसलं होतं. मी बोलले नाही."

दादानं ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं.

"बरं," तो म्हणाला. "वहिनीला हे सांगायचं नाही. ती तुला जन्मात माफ करणार नाही. तुमच्या दोघींच्या मधे मी एका पायानं किती धावू?"

आणि बाहेर वहिनीपाशी स्ट्रेचर थांबताच त्यानं स्वतःच सुरुवात केली. म्हणाला, धाकटीनं तेव्हाच बजावलं होतं, मीच कानाआड केलं, तुला सांगू नको म्हणून तिला शपथ घातली. वहिनी पांढरी पडली. बहीण सांगत होती आणि तुम्ही आमचा संसार सिगारेटच्या धुरात घातलात, एवढं बोलून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दादानं हात पुढं केला होता. तो तिनं धरला नाही. धाकटीनं तोंड उघडलं तर दादानं मान हलवली. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. दार लागेपर्यंत तो वळून वळून बघत होता, आणि वहिनीनं काही मागं वळून पाहिलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी वहिनीचा धीर सुटला. ती धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "वन्सं, तुम्ही तरी सांगितलं होतंत. तुमचे उपकार कसे फेडू?"

श्रेय आयतं मिळालं होतं. दादानं जाता जाता बहिणीच्या पदरात टाकलं होतं. धाकटीला ते सोसवेना.

"नाही, वहिनी. मी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलला तो."

वहिनीनं डोकं उचललं. ती दाराकडे धावली आणि दारावर थापा मारू लागली. नर्सनं दार किलकिलं केलं. वहिनी म्हणाली, मला फक्त एक मिनिट आत सोडा, त्यांचा हात धरायचा राहिलाय. नर्स हळू आवाजात म्हणाली, त्यांना भूल दिलीये, काम सुरू झालंय.

वहिनी तिथंच दाराशी खाली बसली. धाकटी तिला उठवायला गेली, तर वहिनीनं हात आडवा धरून तिला लांबच थांबवलं.