खोकं आलं की ‘नको’

दातांच्या दवाखान्यात बाईंशिवाय पान हलत नाही, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत. ऐकणाऱ्याला ते कौतुक वाटे. बाईंना ठाऊक होतं की ते रजा नाकारण्याचं कारण आहे. एखाद्या दिवसाची रजा मागितली, की डॉक्टर हात जोडून म्हणायचे, “बाई, तुम्ही गेलात तर मी काय करू?” जोडलेल्या हातांपुढे माणूस काय बोलणार!

दवाखान्यात कॉम्प्युटर आला, त्याच आठवड्यात लेकीला हॉस्टेलवर सोडायला बाईंनी दोन दिवस मागितले होते. डॉक्टरांनी हात जोडले. लेक एकटीच बॅग ओढत गेली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला बाईंशेजारी बसून म्हणाला, “मावशी, पासवर्ड द्या. पेशंटच्या वेळांना एक, लॅबला एक, औषधं मागवायला एक. तिन्ही वेगळे हवेत.” बाईंकडे त्या दिवशी शब्दांना तोटा नव्हता. इंग्रजी अक्षरं टिपत टिपत त्यांनी पहिला ठेवला ‘खडूसडॉक्टर’, दुसरा ‘आपमतलबी’ आणि तिसरा असा, की तो इथे लिहिण्यासारखा नाही. कॉम्प्युटरवाल्याने तिन्ही ब्राउझरमध्ये सेव्ह करून दिले. “आता टाइप करायची गरजच नाही. आपोआप भरले जातील.”

तसे ते रोज भरले जात. काळ्या ठिपक्यांची एक रांग उमटे आणि दार उघडे. ठिपक्यांमागे काय आहे ते बाई हळूहळू विसरल्याही. राग तरी माणूस किती वर्षं धरणार?

मधे एकदा डॉक्टरांनी कसल्याशा जाहिरातीवर बोट ठेवलं आणि सबंध पडदा नाचऱ्या बायकांनी भरला. वेटिंगमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक बसलेले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी नियमच घातला, “पडद्यावर कसलंही खोकं येऊन काही विचारायला लागलं, की ‘नको’ दाबायचं. वाचत बसायचं नाही.” बाईंच्या बोटाला ती सवयच लागली.

आणि आता त्याच लेकीचं पहिलं बाळंतपण. या वेळी बाईंनी रजा मागितली नाही, सांगितली. “महिनाभर जाणार आहे.” डॉक्टरांचे हात जुळू लागले, पण बाईंचा चेहरा बघून अर्ध्यावरच थांबले.

“जा,” ते म्हणाले. “फक्त कॉम्प्युटर माझ्याकडून उघडला पाहिजे. पासवर्ड सेव्ह आहेत ना?”

“आहेत की!”

म्हणता म्हणता बाईंना ठिपक्यांमागचं सगळं आठवलं. त्या ठिपक्यांशेजारी डोळ्याचं एक चिन्ह होतं. ते दाबलं की अक्षरं उघडी पडत. रजा तर जाईलच, पण या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

डॉक्टर घरी गेल्यावर बाई कामाला लागल्या. तिन्ही ठिकाणी जाऊन त्यांनी पासवर्ड बदलला आणि घाईत सगळीकडे एकच ठेवला, ‘डॉक्टरदेवमाणूस’. प्रत्येक वेळी पडद्यावर खोकं आलं, बदललेला पासवर्ड सेव्ह करायचा का? बाईंच्या बोटाने तिन्ही वेळा इमानदारीने ‘नको’ दाबलं. मग त्या निश्चिंत मनाने घरी गेल्या.

बाळाने मात्र आजीची रजा विचारात घेतली नाही. तारीख उलटून गेल्यावर सवडीने आलं. लेक अशक्त होती, उठून बसतानाही आईचा हात धरायची. रजा संपत आली होती आणि ती वाढवून मागायची कशी, या विचाराने बाईंना घास गोड लागत नव्हता. तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला.

“बाई, लॅबचं उघडत नाहीये. पेशंट खुर्चीत आ करून बसलेत. त्यांची दाताची कॅप तयार झाली का, ते बघायचंय.” इतके दिवस डॉक्टरांनी वेळा कागदावर लिहून भागवलं होतं, कॉम्प्युटरला हात लावलाच नव्हता.

“सेव्ह आहे की, डॉक्टर.”

“आहे ना. मी डोळा दाबून वाचला. मग बाकीचे दोनही वाचले.”

बाईंनी मांडीवरचं बाळ घट्ट धरलं.

“मशीन म्हणतंय, चुकीचा पासवर्ड,” डॉक्टर म्हणाले. “मला पटेना. मोठ्याने वाचून पेशंटना विचारलं. त्यांनी मान हलवली, बरोबर वाटतो म्हणून. आमच्या हिला फोन केला, तीही म्हणाली बरोबर आहे. मग खरा कुठला?”

बाईंची शरमेने मान खाली गेली. त्या कशाबशा म्हणाल्या, “डॉक्टर देवमाणूस. सगळं जोडून.”

पलीकडे बराच वेळ नुसती बटणं वाजली.

“उघडलं,” डॉक्टर म्हणाले. “हा कधी ठेवलात?”

“तुम्ही रजा दिलीत, त्या दिवशी.”

“आणि आधीचे?”

“लेकीला हॉस्टेलवर सोडायचं होतं, त्या वेळचे.”

पलीकडे पेशंटच्या तोंडातली नळी सूं सूं करत होती. मग डॉक्टर जरा दबलेल्या आवाजात म्हणाले, “बाई, इथे खोकं आलंय. जुन्याच्या जागी हा नवा पासवर्ड सेव्ह करायचा का, म्हणून विचारतंय. काय दाबू?”

बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. हॉस्टेलवर एकटी बॅग ओढत जाताना तिने मागे वळून पाहिलं होतं, ते बाईंना अजून दिसत होतं.

“ते तुमचं तुम्ही ठरवा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “मला अजून पंधरा दिवस हवेत.”

पलीकडून माउसचा एक टिक् असा आवाज आला.

“घ्या,” डॉक्टर म्हणाले, आणि मग ओरडले, “अहो बाई! सवयीने ‘नको’च दाबलं गेलं!”