१०४ चा वास

घोडबंदर रोडवरच्या त्या सोसायटीत घाण वास आला की तो १०४ मधूनच यायचा. बाकीच्यांच्या घरी बहुतेक फक्त उदबत्त्या सडत असाव्यात. १०४ मध्ये दक्षता नाखवा भाड्याने राहायची, कोलशेतच्या कोळीवाड्यातलं घर बांधून होईपर्यंत.

सेक्रेटरी सुदेशनी तिच्या दारावर नोटीस चिकटवली: सुकी मासळी रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भाडेकरार संपला.

श्रावण चालू होता. घरात सुकट तर सोडाच, अंडंही शिजलं नव्हतं. दक्षता नाकाच्या मागे मागे बागेत गेली. सुदेशनी हौसेने टाकलेल्या लाकडाच्या भुशातून बोटभर उंच भूछत्रं उगवली होती. कमरेला पांढरी जाळी, डोक्यावर हिरवट चिकट घाण आणि त्यावर माश्यांची पंगत.

सून प्राप्तीने मोबाइलवर शोधलं. "आई, बुरशी आहे. मेलेल्या जनावरासारखी वास मारते. माश्या येतात, ती घाण खातात नि तिचं बी दुसरीकडे नेऊन हागतात."

"म्हणजे कमिटीच," दक्षता म्हणाली.

रविवारी तिने एक भूछत्र ताटलीत घालून मीटिंगमध्ये ठेवलं. सुदेश दोन पावलं मागे सरले. "तुमच्या मासळीच्या पाण्यावरच उगवलंय हे!"

"साहेब, बोंबील आणि मेलेला उंदीर यातला फरक कळत नसेल, तर नाक कशाला बाळगता?"

सुदेशनी पुरावा जप्त केला. बाराव्या मजल्यावर, स्वतःच्या बाल्कनीत, जास्वंदीच्या कुंडीशेजारी उघडाच ठेवला. नोटिशीला दोन आठवडे वाढवून दिले, उपकार म्हणून. माश्या वर गेल्या. मेंटेनन्स न भरता.

मुदतीच्या दिवशी सुदेश १०४ च्या दारात उभे. आवाज फार मऊ. "ताई, जरा वर येता? माझ्या सगळ्या कुंड्यांत… ते… जाळीवालं. बायको माहेरी गेलीय. शेजारी म्हणतात, मी गुपचूप मासे खातो."

"खाता का?"

"छे हो!"

"मग नोटीस कधी हलवताय?"

"आत्ता फाडतो."

"फाडू नका. खाली लिहा: वास १०४ चा नव्हता. आणि सही."

सुदेशनी लिहिलं. सही करताना त्यांच्या बाहीवर एक माशी बसली होती, ती उडून खजिनदारांच्या बाल्कनीकडे गेली. दक्षताने तिला वाट करून दिली. तिला इथे अजून अकरा महिने काढायचे होते, करमणूक हवीच होती.