सत्तावीस वर्षांची कडी

त्या फेब्रुवारीत सूयुनला एका जागी बसवत नव्हतं. स्वयंपाकघरातून खिडकीपाशी, खिडकीपासून संडासात, तिथून परत स्वयंपाकघरात. दोन खोल्यांच्या घरात माणूस फिरून फिरून किती फिरणार? नवरा तिंग खुर्चीतून मान वर न करता म्हणाला, "अगं, फरशी झिजेल."

"झिजू दे. गिरणीची आहे."

ती सारखी संडासात का जाते, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. पाळी जाऊन तिला दीड वर्ष झालं होतं. एक कटकट गेली म्हणून तेव्हा तिला हलकंच वाटलं होतं. आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी, चिनी नववर्षाचा सण होऊन दोन आठवडे उलटले असताना, रक्त दिसलं होतं. आधी नुसता डाग, मग रोजचं जाणं. कंबर खालून कोणीतरी ओढून धरावी तशी ठणकत होती. घरात आता पाळीच्या घड्या नव्हत्या, म्हणून तिने जुनी सुती चादर फाडली आणि तुकडे उशीखाली लपवले.

मुलगी शाओहान लांब शेनचेनला होती. सूयुनने नळ मोठा सोडून तिला फोन लावला.

"आई, पाळी गेल्यावर रक्त जाणं चांगलं नाही. आजच्या आज डॉक्टरकडे जा."

"आज कोण सोडतंय बाहेर?"

"आणि ती कडी काढलीस ना तू?"

सूयुनने नळ आणखी मोठा केला.

"आई, कडी काढलीस ना?"

"कोणी बोलावलंच नाही," सूयुन म्हणाली.

खरंच कोणी बोलावलं नव्हतं. बसवायला मात्र घरी येऊन नेलं होतं. त्र्याण्णव साली, शाओहान सहा महिन्यांची असताना, ती काम करायची त्या यीचांगच्या सूतगिरणीने नुकत्याच बाळंत झालेल्या सगळ्या कामगारणींना ट्रकमध्ये घालून दवाखान्यात पोचवलं. एक मूल झालं, बस झालं, आता गर्भाशयात पोलादी कडी. गिरणीच्या कुटुंबनियोजनाच्या प्रमुख फांगबाई ट्रकच्या पायरीवर उभ्या राहून कर्ण्यातून नावं पुकारत होत्या. "घाबरताय कशाला? सगळ्यांच्या आधी मी बसवून घेतली आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हवी का नको, हे एकीलाही विचारलं नाही. संध्याकाळी घरी सोडताना प्रत्येकीच्या हातात लाल साखरेची पुडी आणि सहा अंडी ठेवली.

पुढे दर तीन महिन्यांनी क्ष-किरणांची गाडी गिरणीच्या फाटकाशी यायची. बायका रांगेत उभ्या राहायच्या, आणि कडी जागेवर आहे की नाही ते बघून फांगबाई नावापुढे खूण करायच्या. मग गिरणी बंद पडली. फांगबाई निवृत्त झाल्या, गाडी यायची थांबली. कडी आत होती ती आतच राहिली. पाळी गेल्यावर ती काढून घ्यायची असते, हे सांगायला मात्र कोणाचा ट्रक आला नाही. बसवायचा एवढा उत्साह, आणि काढायच्या नावाने सगळा आनंद.

आता रोगाच्या साथीमुळे शहर बंद होतं आणि गिरणीच्या जुन्या वसाहतीचं फाटकही. आतून बाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची, आणि ती द्यायच्या कोण? फांगबाईच. वय सत्तर, दंडावर स्वयंसेवकाची लाल पट्टी, हातात तोच कर्णा. दर सकाळी त्या वसाहतीच्या फोनवरच्या गटात यादी सुरू करायच्या. ज्याला जे हवं त्याने खाली आपला घर क्रमांक, गरज आणि कारण लिहायचं. एकाला रक्तदाबाच्या गोळ्या, एकीला दुधाची पावडर, चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना केसांचा कलप. कलपाच्या कारणात मास्तरांनी "मनोधैर्य" लिहिलं होतं, आणि त्यावर वसाहत दोन दिवस हसत होती.

त्या यादीत तीनशे घरं होती. सूयुनच्या हाताखाली शिकलेली पोरं होती, त्यांच्या सुना होत्या, तिंगचे पत्त्यांचे दोस्त होते. त्यांच्यासमोर लिहायचं तरी काय? तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, "घर ३०२. पोटात बिघाड. दवाखान्यात जायला चिठ्ठी हवी."

फांगबाईंचा जबाब तिथेच, सगळ्यांसमोर आला. "बिघाड म्हणजे काय? नीट लिहा."

सूयुनच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने घाईघाईने लिहिलं, "जुलाब."

तिला वाटलं, झाकलं गेलं. जुलाब कोणाला होत नाहीत? पण टीव्हीवर रोज सांगत होते की जुलाब हेही त्या रोगाचं लक्षण आहे. वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं, फक्त त्या घडीला सूयुनला आठवलं नाही. अर्ध्या तासात पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. त्यांनी जिना फवारला, नवराबायकोच्या नाकात काडी घातली, आणि जाताना दारावर कागदी पट्टी चिकटवली. चौदा दिवस दार उघडायचं नाही.

"तुला जुलाब कधी झाले?" तिंगने विचारलं. "मीच ना दिवसभर घरात? मला कसं कळलं नाही?"

तेव्हा सूयुन खुर्चीत बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. तिंग ऐकत राहिला. मग उठला, कपाटातला आपला चांगला सुती सदरा काढला आणि कात्रीने त्याचे तुकडे करायला लागला. सूयुनला रडू आलं ते तेव्हा.

पुढचे पाच दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती उठायची, बसायची, फोन हातात घ्यायची, ठेवायची. शाओहानने चार दवाखान्यांना फोन लावले. एकात स्त्रियांचा विभाग बंद करून तिथे तापाचे रोगी ठेवले होते. दुसऱ्यात फोन कोणी उचलत नव्हतं. तिसऱ्यात म्हणाले, तातडीचं नाही, साथ संपल्यावर या. चौथ्यात विचारलं, घर सील आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. चाचणीत दोघांनाही रोग नाही असं निघालं, पण पट्टी काढायला कोणी आलं नाही, कारण नियमात चौदा दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी सूयुन तांदूळ धुता धुता ओट्याला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि चादरीचे तुकडे पुरत नव्हते.

नऊ वाजता फांगबाई ताप बघायला आल्या. दाराला फटीएवढी जागा होती, त्यातून त्या तापमापक आत घालायच्या.

"कपाळ पुढे कर, सूयुन."

"ताप नाही मला. जुलाबही नव्हते. मी खोटं लिहिलं."

"काय?"

"कडी, फांगबाई. तुम्ही बसवलेली. रक्त जातंय. अकरा दिवस झाले."

फांगबाई एकदम तावातावाने बोलल्या. "मग तसं लिहायचं नाही का? तुझ्या एका शब्दापायी अख्खा जिना फवारला मी. तीन मजल्यांची भाजी अडली."

"कुठे लिहायचं? मास्तरांच्या कलपाखाली?"

"काढली का नाहीस वेळेवर?"

"तुम्ही सांगितलंत कधी?" सूयुनने फटीला तोंड लावलं. गेले अकरा दिवस आत कोंडलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. "बसवायला ट्रक आणलात दाराशी. चिठ्ठी मागितली नाहीत, कारण विचारलं नाहीत. बाळ अंगावर पीत होतं, ते काढून सासूच्या हातात दिलंत. दहा वर्षं दर तीन महिन्यांनी माझं पोट तपासलंत. आणि आता काढायची तर मी तीनशे घरांपुढे अर्ज करायचा? आता कुठे गेला तुमचा ट्रक?"

आतून तिंग हळूच म्हणाला, "सूयुन, जाऊ दे."

"नाही जाऊ देणार."

फांगबाईंच्या पावलांचा आवाज जिन्याने खाली गेला. सूयुन दाराला टेकून बसून राहिली. बोलून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. आता ही बाई मुद्दाम अडवून धरणार, असं तिच्या मनाने घेतलं.

पाऊण तासाने खालून फांगबाईंचा आवाज आला. कर्णा नव्हता, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. त्या अंगणात उभ्या राहून फोनवर कोणाशी भांडत होत्या.

"फक्त प्रसूतीच्याच बायका घेता? मग तसंच समजा. हो, पोटात आहे. किती महिने? सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षं पोटात आहे आणि आता बाहेर यायचंय. नाही, थट्टा नाही. घेणार असाल तर आत्ता निघते, नाहीतर तुमचं नाव सांगा, मी लिहून घेते."

वसाहतीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. सूयुनने डोळे मिटले. जे झाकायला तिने घर सील करून घेतलं, ते आता अंगणभर झालं होतं. गंमत अशी की हसलं कोणीच नाही. पहिल्या मजल्यावरच्या लिऊ वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "फांगबाई, तिचं झालं की माझंही विचारा हो. मलाही त्याच ट्रकमधून नेलं होतंत."

फांगबाई वर आल्या आणि त्यांनी पट्टी टरकन फाडली. "चल. भाजीची गाडी परत निघाली आहे. एकाच माणसाला सोबत येता येतं, आणि तिंगला चौकीवर सोडणार नाहीत. मी येते."

गाडीत कोबीची पानं पडलेली होती. सूयुन रिकाम्या पोत्यांवर बसली, शेजारी फांगबाई. दोन चौक्यांवर त्यांनी नुसता लाल पट्टीचा दंड बाहेर काढला. पुलावर माणूस नव्हतं, खाली नदी नेहमीसारखी वाहत होती, आणि गाडी वेगाने जात असूनही ती पोचतच नाही असं सूयुनला वाटत होतं.

प्रसूतिगृहातली डॉक्टर तरुण होती. पोशाखाच्या पाठीवर तिने शाईने स्वतःचं नाव लिहिलं होतं, चू. क्ष-किरणांचं चित्र उजेडात धरून ती म्हणाली, "कडी मांसात रुतली आहे. मावशी, इतका उशीर का केलात? आज काढते आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवते. त्याचा निकाल आठवड्याने येईल. तो काय येईल, ते आत्ता सांगता येत नाही." मग तिने कागद पुढे केला. "सोबत आलेल्यांची सही. इथे नातं लिहा."

फांगबाईंनी सही केली. नात्याच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

"गेल्या वेळी, कडी बसवताना लिहिलं होतंत तेच लिहा," सूयुन म्हणाली. "जबाबदार."

फांगबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी तो शब्द सावकाश, नीट लिहिला.

चाळीस मिनिटं लागली, आणि ती सोपी गेली नाहीत. बाहेर आली तेव्हा सूयुनच्या ओठांना रंग नव्हता. हातात डॉक्टरने दिलेली छोटी प्लास्टिकची पिशवी होती. आत बोटाच्या पेराएवढी पोलादी कडी, एका बाजूने तुटलेली, काळपट. एवढीशी वस्तू. परतीच्या गाडीत बसल्यावर तिने ती पिशवी फांगबाईंच्या पंजात ठेवली.

"तुमची आहे. जमा करून घ्या."

फांगबाईंनी ती घेतली. खिशात टाकली नाही, फेकलीही नाही. मूठ मिटून मांडीवर ठेवली आणि तशाच बसून राहिल्या. गाडी पूल ओलांडून अलीकडे आली तेव्हा त्या पुढे बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "काढताना फार दुखलं का गं?"

सूयुनने मान वळवली. लाल पट्टीखालचा तो दंड तिला आज पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

"तुमची अजून आत आहे?"

"चाळीस वर्षं." फांगबाई अजून पुढेच बघत होत्या. "सगळ्यांची तपासणारी मीच होते. माझी कोण तपासणार?"

सूयुनला राग आला, आणि त्याच रागातून तिला त्या बाईची कीव आली. दोन्ही गोष्टी तिला एकदम झाल्या आणि कुठलीच कमी होईना.

"दुखतं," ती म्हणाली. "पण जमतं. लिऊ वहिनींबरोबर जा. उद्या सकाळी यादी काढाल तेव्हा सगळ्यांच्या आधी तुमचं नाव घाला. आणि कारणाच्या रकान्यात खरं लिहा."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिंगने फोन सूयुनच्या उशाशी आणून धरला. यादी आली होती. पहिल्या ओळीत होतं, "घर १०१. फांग ग्वेहुआ. कडी काढायची आहे." त्याखाली नऊ बायकांनी आपापले घर क्रमांक लिहिले होते, आणि दहावी त्याच वेळी लिहीत होती.