नूतनच्या कादंबरीतली सोळा पानं

विंझरच्या नूतनने ‘घाटातली शिट्टी’ ही रहस्यकथा स्वतःच छापून घेतली, तेव्हा तिला वाटलं होतं, अवघड काम संपलं. भोरहून पाचशे प्रती टेम्पोने घरी आल्या आणि खरं काम तिथून सुरू झालं. सकाळी उठलं की आधी मोबाईल. कुणाला मुखपृष्ठाचा फोटो हवा, कुणाला पार्सल मिळालेलं नाही, तर कुणी नुसतंच विचारणार, ‘ताई, खून कुणी केला?’ मग पुस्तकं गुंडाळा, पत्ते लिहा, पोस्टात पळा, परत येऊन फेसबुकवर काहीतरी टाका. चार महिने असेच गेले. दुसऱ्या कादंबरीचा नायक पहिल्याच प्रकरणात विहिरीत डोकावत होता, तो अजून तसाच वाकून उभा होता.

तिच्या सासूबाई, सारजाबाई, आठवडे बाजारात कोंबड्या-अंडी विकायच्या. अक्षरओळख सहीपुरती. एकदा फोनच्या नादात नूतनने भाकरी पार करपवली, तेव्हा त्यांनी तिच्या हातातला मोबाईलच काढून घेतला.

“इकायचं काम मला दे. तू लिव.”

“आत्या, लोक पुस्तकाबद्दल विचारतात. तुम्ही काय सांगणार?”

“रोज वाचून दावत हुतीस की मला. समदं ठावं हाय.”

ठरलं. सकाळी सात ते दहा मोबाईल सारजाबाईंकडे आणि नूतन वही घेऊन माळ्यावर. खालून आवाज यायचा, “अन् मंग शिट्टी वाजली बगा... पुडचं पुस्तकात हाय. पत्ता व्हॉट्सॲपवर टाका!” पहिल्याच आठवड्यात भोरच्या एका ग्रंथपालांनी वीस प्रती मागवल्या. नायकही एकदाचा विहिरीत उतरला.

मग एके सकाळी सारजाबाईंनी खालूनच हाक मारली.

“पासलीच्या हैबतींचा फोन हुता. पुस्तकात सोळा पानंच न्हाईत म्हनं. म्या सांगितलं, लेखिका सवता नवं पुस्तक घिऊन येतीया. उद्या.”

“उद्या? अहो, पोस्टाने पाठवलं असतं!”

“माल खराब निगाला तर आपन जायाचं आसतं.”

दुसऱ्या दिवशी नूतन चरफडत पासलीच्या एसटीत बसली. हैबती साठीचे, शेळ्या राखणारे. ती माफी मागू लागली, बांधणी करताना सोळा पानांचा एक गठ्ठा, म्हणजे एक फर्मा, राहून गेला, वगैरे. हैबती हसले.

“आमचं कुठं अडलं? म्या वाडीतल्या लोकास्नी वाचून दावत हुतो. पानं न्हाईत म्हनल्यावर मनानंच सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“पोलीसपाटलाला खुनी कळतो. पन तो गप ऱ्हातो. कारन खुन्याच्या आईनं त्याला ल्हानपनी दूध पाजल्यालं आसतं.”

नूतनने आपली ती पानं आठवली. तिच्या पुस्तकात पाटील रानातून पळत होता, ओढ्यात पडत होता, आणि त्याला एक चिठ्ठी सापडत होती.

हैबतींनी नवी प्रत उघडली आणि तिथंच दगडावर बसून ती सोळा पानं वाचून काढली. नूतन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“चांगलं हाय,” ते अदबीनं म्हणाले. “पन ताई, हितं जरा घाई झाली. पाटील नुस्ता पळतूय.”

तिचे कान तापले. छापखान्याने तारीख दिली म्हणून ते प्रकरण तिने दोन दुपारींत उरकलं होतं. इतक्या लोकांनी कौतुकाचे संदेश पाठवले, पण हे कुणालाच कसं दिसलं नव्हतं? क्षणभर राग आला, मग तिला हसूच फुटलं.

“मामा, पुढचं पुस्तक छापायच्या आधी वाचाल?”

“वाचीन की. पन शेळ्या सोडायच्या आदी. नंतर येळ न्हाई.”

तेव्हापासून एकेका प्रकरणाची झेरॉक्स कंडक्टरच्या हाती पासलीला जाऊ लागली. परत यायची तेव्हा, वाडीत ऐकताना जिथं जिथं कुणी जांभई दिली, तिथं तिथं पेन्सिलीची खूण असायची. तिसऱ्या प्रकरणावर सात खुणा आल्या. नूतन दोन दिवस घुश्शात होती, मग तिने ते प्रकरण सरळ काढूनच टाकलं.

सारजाबाईंनी फोनवर सगळ्यांना नव्या पुस्तकासाठी दिवाळीचा वायदा करून ठेवला होता. दिवाळी झाली, लोक विचारू लागले.

“येईल, येईल,” त्या सांगायच्या. “सध्या पासलीला गेलंय. तिथनं पास हून येऊ द्या.”