नऊ हजारावर अडकलेला काटा

आमच्या ह्यांचे कान गेलेत, हे साऱ्या धरमपेठेला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त ह्यांना. मुलाने कानाचं महागडं मशीन आणून दिलं, ते कपाटात मोज्यांशेजारी पडलेलं असतं. का लावत नाही विचारलं तर म्हणतात, "लावलं की लोक उगाच ओरडून राहतात." हेल्मेट घातलं की ते मशीन शिट्टी मारतं, हे मात्र खरं. मागे बसून मी ती ऐकलेली आहे.

मग हा माणूस मोटरसायकल चालवतो कशी? काट्यावर. गाडी जुनी, आमचा उन्मेष शाळेत जायला लागला तेव्हाची. हँडलवर दोन गोल मीटर. एक वेगाचं आणि दुसरं आरपीएमचं, म्हणजे इंजिन किती जोरात फिरतंय ते सांगणारं. जगातले बाकीचे लोक इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलतात. हे काटा बघून बदलतात. काटा चार हजारावर चढला की वरचा गिअर, दोन हजाराच्या खाली उतरला की खालचा.

मला हे सगळं कळत होतं आणि मी गप्प होते, कारण त्यात माझा स्वार्थ होता. दर रविवारी आम्ही दोघं खापरखेड्याला, पॉवर हाउसच्या कॉलनीत माझ्या बहिणीकडे जातो. कुसुमताईच्या हातची कोथिंबीर भरलेली सांबारवडी खायची, तिच्याशी पोटभर भांडायचं आणि कोराडी रोडने वारा खात परत यायचं. ह्यासाठी साठी उलटल्यावर मी पंजाबी ड्रेस शिवून घेतले. अख्ख्या आयुष्यात माझी एवढीच एक चैन. मला स्वतःला गाडी येत नाही. मुलाच्या कारमधून जायचं म्हणजे भांडण ऐन रंगात आलं की तो दारात किल्ली वाजवत उभा.

आणि ऐन थंडीत तो काटा मेला. चालत्या गाडीवर शून्यावर पडला तो उठलाच नाही. त्या दिवशी ह्यांनी शंकरनगरपासून घरापर्यंत सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये कापला. गाडी अशी किंचाळत होती की गल्लीतली कुत्री भुंकायचं सोडून फाटकाआड गेली. "अहो, गिअर बदला!" मी मागून बेंबीच्या देठापासून ओरडले. ह्यांनी समाधानाने मान डोलावली.

फाटकात उन्मेष उभा होता.

"आई, बाबांना गाडी ऐकू येत नाही असं मला वाटून राहिलं," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "विकून टाकू. एक गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"बिघाड गाडीत आहे, कानात नाही," मी ठणकावलं. खोटं बोलताना माझा आवाज जास्तच खणखणीत लागतो.

"ठीक आहे. रविवारी फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारू. मी मागे बसतो. नीट चालवली तर गाडी तुमची, नाही तर सोमवारी गिऱ्हाईक येते."

हे मी ह्यांना दोनदा सांगितलं, एकदा कानात आणि एकदा वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून. ह्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "महादेवरावांना बोलाव."

महादेवराव आमचे मेकॅनिक. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांना चहा लागतो आणि चहानंतर प्रवचन. "काकूजी, हे काम चोर पकडाचं आहे," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "इंजिनापासचं दात्याचं गिअर, मधातली केबल अन् वरचं मीटर. तिघांपैकी एक चोर. केबलचं खालचं टोक काढाचं, ड्रिल मशीनले लावाचं अन् फिरवाचं. काटा हलला तं मीटर अन् केबल सुटले, चोर खाली इंजिनात. उद्या येतो मशीन घेऊन."

महादेवरावांचा उद्या म्हणजे काय ते नागपुरात कुणाला सांगायला नको. ते उगवले थेट शनिवारी, आणि मशीन विसरून. तोवर ह्यांनी घरातलंच ड्रिल काढून ठेवलं होतं. सुरुचीने, म्हणजे आमच्या सुनेने, पडदे लावायला घेतलेलं.

"हळू फिरवा जी," महादेवराव म्हणाले. म्हणाले ते ह्यांच्या पाठीमागे उभं राहून. ह्यांनी खटका पूर्ण दाबला.

काटा उठला! चार, पाच, सहा. "हलला, हलला! मीटर ठणठणीत आहे!" हे आनंदाने ओरडले आणि दाबतच राहिले. काटा नऊ हजारावर गेला, आत कट् झालं आणि तो तिथेच बसला. ड्रिल बंद केलं तरी नऊ हजार. गाडी स्टँडवर, किल्ली माझ्या कमरेला, पेट्रोलचा कॉक बंद, आणि काटा नऊ हजारावर. ह्यांनी काचेवर टिचकी मारली, फुंकर मारली, शेवटी रामाचं नाव घेऊन चापट मारली. काटा ढिम्म.

"काकाजी, चोर तं सापडला," महादेवराव पाने गोळा करत म्हणाले. "इंजिनापासचं गिअर घासलं. पण साक्षीदार मेला ना गा! आता मीटर बी नवीन. हे जुनं मॉडेल, कुठं भेटते पाहा लागन."

संध्याकाळी हे गाडीशेजारी स्टूल टाकून बसले होते. मी चहा नेला. म्हणाले, "उत्तरा, काट्याशिवाय नाही जमणार मला. काहीच ऐकू येत नाही गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले. मला रडू आलं आणि रागही आला, की हे वाक्य आधी बोलले असते तर आपण मिळून काही तरी केलं असतं.

मग मिळून केलं. रविवारी मी सुरुचीच्या स्कूटरवर मागे बसून पुढे चालणार. आमची गाडी इतकी बोंबलते की पुढूनही मला कळतं. मी डोक्याला हात लावला की वरचा गिअर, कमरेला लावला की खालचा. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात आम्ही पाटावर बसून तालीम केली.

रविवारी निघालो. मी अर्धी मागे वळून बसलेली.

"आई, डोकं दुखून राहिलं का?" सुरुची आरशात बघत म्हणाली.

"हो."

"आणि कंबर?"

"तीही."

"मग घरी जाऊ या ना!"

"मुळीच नाही! चल पुढे!"

मागे आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये एकदा किंचाळली. मी डोक्यावर हात आपटला. लगेच दुसरा पडला. मग तिसरा. चढावर खालचा, उतारावर वरचा. एकही चूक नाही. शिष्य असावा तर असा, मी मनात म्हटलं.

फुटाळ्याला उन्मेष उतरला. हेल्मेट काढून माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठीक आहे. गाडी राहू द्या. पण एकट्याने चालवायची नाही. मागे कोणी तरी पाहिजेच." आणि सुरुचीला घेऊन भुट्टे आणायला गेला.

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं. "कमाल केलीत! एक खूण चुकवली नाहीत."

"कुठली खूण?" हे म्हणाले. "पहिल्याच वळणावर एक टेम्पो मधात आला. तू दिसलीसच नाही मला."

"मग गिअर?"

"उन्मेष पाठीत बोट टोचत होता ना. वरच्यासाठी एकदा, खालच्यासाठी दोनदा. मला वाटलं, तूच सांगितलंस त्याला."

मी काहीच सांगितलं नव्हतं. गाडी विकायला निघालेला माझा मुलगा समोरून भुट्टे घेऊन येत होता, आणि मला त्याच्याकडे धड बघवेना. ओढणीने डोळे पुसून मी ह्यांच्या मागे गाडीवर चढून बसले.

उन्मेषने माझ्या हातात भुट्टा दिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, जरा जोरात टोचत जा. बाबांचं जॅकेट जाड आहे."